उन्हाळी सुट्टीतील दीड महिन्याचे काम: कोठे विचारावे आणि मुलाखतीत काय सांगावे?

प्रश्न: अंबाजोगाई तालुक्यातील विद्यार्थी

नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. माझी परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपेल आणि पुढच्या वर्षाचे वर्ग जूनच्या अखेरीपर्यंत सुरू होणार नाहीत. या मधल्या काळात काम करून पुढील वर्षाचे शुल्क आणि पुस्तकांचा खर्च स्वतः उचलावा, अशी माझी इच्छा आहे. घरी चार एकर कोरडवाहू जमीन आहे. गेल्या खरिपात सोयाबीन हाती लागले, परंतु बाजारभावाने साथ दिली नाही, त्यामुळे या वर्षी वडिलांकडे पैसे मागणे मला जड जात आहे.

माझे एमएस-सीआयटी झालेले आहे, मराठी टंकलेखन बऱ्यापैकी येते आणि टॅली शिकणे चालू आहे. गावातील मित्रांचे म्हणणे असे की खरा पैसा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आहे, तेथे ठेकेदारामार्फत लगेच काम मिळते. वडिलांना वाटते की अंबाजोगाई किंवा लातूर येथील एखादे कृषी सेवा केंद्र किंवा दाखल्यांचे सेवा केंद्र पाहावे, म्हणजे घर सुटणार नाही.

मी आजवर मुलाखत दिलेली नाही. परवा एका दुकानात चौकशीला गेलो असता मालकांनी "काय येते तुला?" असे विचारले. "सांगाल ते काम करीन," असे मी सांगितले. त्यांनी नंबर लिहून ठेवायला सांगितले, पण नंतर फोन आला नाही. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावे? जूनअखेर मी काम सोडणार आहे, हे आधीच सांगावे का? मित्र म्हणतात की "कायम राहीन" असेच सांग, नाही तर कोणी ठेवणार नाही. पगाराचा विषय कोणी काढायचा? शिवाय माझी धाकटी बहीण बारावीची परीक्षा देऊन घरी आहे, तिचे वय १७ वर्षे आहे, तिलाही काही काम करायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: कृषी सेवा केंद्रचालक, जालना जिल्हा

भाऊ, मे महिन्यात माल उतरू लागला की माझ्या दुकानात दरवर्षी हंगामापुरती मुले लागतात आणि त्यांची निवड मी स्वतः करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. काम सोडण्याची तारीख सांगावी का, या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सर्व त्यावरच अवलंबून आहे. "कायम राहीन" असे खोटे मुळीच सांगू नका. हंगामी माणूस ठेवणाऱ्याला तो कायम राहील अशी अपेक्षाच नसते. हा मुलगा ऐन गर्दीत निघून तर जाणार नाही ना, एवढीच त्याला धास्ती असते.

आमच्या धंद्यात ही वेळ दोनदा येते. मे महिन्यात दाट लग्नतिथी असतात आणि भावकीतल्या लग्नाला म्हणून गेलेला मुलगा हळदीपासून मांडवपरतणीपर्यंत सर्व उरकून पाचव्या दिवशी परत येतो. दुसरी वेळ याहून अवघड असते. मृग लागून पहिला दमदार पाऊस झाला की साऱ्या तालुक्यातील शेतकरी एकाच वेळी बियाणे आणि खत घ्यायला बाहेर पडतात, आणि नेमके तेव्हाच दुकानातील मुलाला त्याचे वडील पेरणीसाठी घरी बोलावतात. वडिलांचेही चुकत नाही, कारण त्यांची ओल थांबणार नसते, आणि माझेही चुकत नाही, कारण माझ्या दारात रांग लागलेली असते. म्हणून मुलाखतीला जाण्यापूर्वी घरी सर्वांसमोर दोन गोष्टी ठरवून घ्या: या दीड महिन्यात कोणकोणती लग्ने टाळता येणार नाहीत आणि तुमच्या चार एकरांच्या पेरणीला तुमच्याऐवजी कोण उभे राहणार. त्यानंतर मालकाला सरळ सांगा, "मी ८ मेपासून २५ जूनपर्यंत येईन, मधे चुलतबहिणीच्या लग्नाचा एक दिवस मला लागेल, पेरणीची सोय घरी झालेली आहे." असे मोजून-मापून सांगणारा मुलगा मी तरी परत पाठवत नाही, मग त्याला बाकी काही थोडे कमी येत असले तरी चालते.

आता "काय येते?" या प्रश्नाविषयी. "सांगाल ते करीन" या उत्तरात नम्रता आहे हे खरे, परंतु त्यावरून मालकाला तुमच्याविषयी काहीच कळत नाही. तुम्ही ज्या दुकानात जाणार, तेथील कामाचे नाव घेऊन उत्तर द्या. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी युरियाची गोणी किती किलोची आणि डीएपीची किती किलोची असते हे विचारतो. शेतकऱ्याच्या घरातील असूनही पुष्कळ मुले दोन्ही ५० किलोच्या सांगतात, पण युरियाची गोणी ४५ किलोची असते आणि डीएपीची ५० किलोची. मग बियाण्याची एक पिशवी समोर ठेवून तिच्यावरील लॉट क्रमांक आणि वैधतेची तारीख वाचायला लावतो, कारण उद्या बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याची तक्रार तालुका समितीपुढे जाते आणि तेथे पावतीवरील लॉट क्रमांकच पाहिला जातो. तो आकडा घाईत चुकीचा लिहिला गेला तर शेतकऱ्याचाही दावा बुडतो आणि दुकानदारही अडचणीत येतो.

तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात, हे तुमचे बलस्थान आहे आणि ते दाखवून द्या. मी तुम्हाला एक कागद देऊन सोयाबीन बियाण्याची एक पिशवी, दोन गोण्या डीएपी आणि कीटकनाशकाची एक बाटली यांचे बिल लिहायला सांगितले असते. पेरणीच्या बियाण्यावर वस्तू व सेवा कर नाही, खतावर ५ टक्के आहे आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के, म्हणजे एकाच बिलावर तीन प्रकार येतात. हे ज्याला समजते त्याला मी गोण्या उचलायला न लावता गल्ल्याशेजारी बसवतो.

यापुढचा माझा प्रश्न माणसांविषयी असतो. अनुदानित खत देताना यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यावा लागतो. मे-जूनमध्ये पऱ्हाटी उपटून आणि धसकटे वेचून हातांची कातडी इतकी झिजलेली असते की ठसा लवकर उमटत नाही. मागे लोक खोळंबलेले आहेत आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा चौथ्यांदा नाकारला गेला आहे, अशा वेळी काय कराल, असे मी विचारतो. एका मुलाने सांगितले होते, "त्यांना पाणी देऊन बसवीन, हात पुसून दुसरे बोट लावून पाहीन आणि तोवर पुढच्यांच्या मालाची यादी लिहून घेईन." त्याला मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पगाराविषयी मालक बोलला नाही तर शेवटी तुम्ही विचारा, त्यात कसलाही उद्धटपणा नाही. महिन्यावर की रोजावर, सुटी कोणत्या वारी, दुपारच्या जेवणाची सोय कशी आणि पैसे कधी मिळणार, हे चारही मुद्दे त्याच बैठकीत स्पष्ट करून घ्या. "हंगाम संपल्यावर एकदम देऊ" ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे, पण माझ्या मते ती मान्य करू नये; दर पंधरा दिवसांनी हिशेब मागावा. चौकशीला आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा सकाळच्या गर्दीत जाऊ नका. उन्हामुळे दुपारी दोन ते चार या वेळेत बाजारपेठ ओस पडलेली असते, तेव्हा मालक निवांत बोलतो.

उत्तर: मनुष्यबळ विभागातील कर्मचारी, वाळूज

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वाळूजविषयी मात्र मित्रांनी सांगितलेले अर्धेच खरे आहे, म्हणून लिहिणे आवश्यक वाटले.

दीड महिन्यासाठी वाळूजला येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे रांजणगाव शेणपुंजी, बजाजनगर किंवा पंढरपूर या भागांत खोली घ्यायची म्हटले की अनामत रक्कम, भाडे आणि खाणावळ यांचा खर्च पहिल्याच दिवशी सुरू होतो आणि हातात पहिला पगार मात्र पुढच्या महिन्यात येतो. सुरुवातीचे काही दिवस काम शिकण्यातच जातात, त्यामुळे ठेकेदारही किमान काही महिने राहणाऱ्या मुलांनाच पसंती देतात. जो घरी राहून लातूर किंवा अंबाजोगाईत थोड्या कमी पगारावर काम करील, त्याच्या हातात जूनअखेर बहुधा जास्त पैसे उरतील. येथे नातेवाइकांचे घर असेल तर गोष्ट वेगळी.

तरीही कोणी येणारच असेल, तर त्याने काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. कामाला लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, मग तो ते नोंदणी शुल्क म्हणो, गणवेशाचे पैसे म्हणो की साहेबांचा चहा म्हणो. गुणपत्रिका आणि आधार कार्डाच्या छायाप्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. वेतनातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) ०.७५ टक्के कापले जात असतील, तर आपला यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक) आणि विमा क्रमांक मागून घ्यावा. यूएएन आयुष्यभर एकच राहतो आणि पुढच्या नोकरीतही तोच चालतो. कपात होते पण क्रमांक मिळत नाही, असे दिसले तर तेथे संशयाला जागा आहे.

फाटकावरच्या मुलाखती अतिशय छोट्या असतात. रात्रपाळी चालेल का, आठ तास उभे राहता येईल का आणि किती दिवस राहणार, एवढेच बहुतेकांना विचारले जाते. आयटीआयच्या मुलांच्या हातात व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटर देऊन माप वाचायला सांगतात, आणि तेथे गडबडणारी मुले पुष्कळ असतात. आपल्या गावात आयटीआय झालेले फिटर किंवा वेल्डर मित्र असतील, तर त्यांनी उन्हाळ्यात जवळच्या साखर कारखान्यांकडेही चौकशी करावी, कारण गळीत हंगाम संपल्यावर तेथे यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती निघते.

मोबाइलवर येणाऱ्या "घरबसल्या टायपिंग करा, दिवसाला इतके कमवा" अशा संदेशांपासून कृपया दूर राहा. सुट्टीत विद्यार्थी काम शोधतात हे त्या टोळ्यांना ठाऊक असते. आधी थोडे पैसे देतात, मग करारभंगाची धमकी देऊन उकळतात. कोणी फसले असेल तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. लाजेपोटी दोन दिवस गेले तर गेलेले पैसे अडवून धरण्याची संधी निघून जाते.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. वाळूजचा हिशेब वडिलांसोबत बसून मांडला आणि तो विचार सोडून दिला. पेरणीसाठी चुलत्यांचा ट्रॅक्टर आहे आणि वडील सोबत असतील, त्यामुळे माझ्यावाचून अडणार नाही असे वाटते. दाखल्यांच्या सेवा केंद्रांविषयी कोणी सांगू शकेल का? तेथे आधीचा अनुभव विचारतात असे ऐकले आहे आणि माझ्याकडे तो नाही. माझे बोलणेही गावाकडचे आहे, लातूरसारख्या शहरात त्याची अडचण होईल का?

उत्तर: लातूर येथील माजी संगणक चालक

भाऊ, मी लग्नापूर्वी लातूरमध्ये एका आपले सरकार सेवा केंद्रात संगणकावर बसत असे. आता तेथे नसले तरी ते काम मला चांगले ठाऊक आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलपासूनच नव्या दाखल्यांचे अर्ज सुरू होतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, जातीचा दाखला आणि प्रवेशाचे अर्ज यांची एकच झुंबड उडते. लातूरमध्ये बाहेरच्या जिल्ह्यांतूनही विद्यार्थी शिकायला येतात, त्यामुळे येथे ती गर्दी अधिक जाणवते. या दिवसांत टंकलेखन येणारा माणूस प्रत्येक केंद्राला हवा असतो. चौकशी मात्र निकालाची वाट न पाहता मेच्या सुरुवातीलाच करावी.

अनुभव नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण ते मला पटत नाही. गावात शेजाऱ्यांचा पीक विम्याचा अर्ज भरून दिला असेल, आईच्या बचत गटाची वही लिहिली असेल किंवा बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल, तर तो अनुभवच आहे आणि तो तसाच सांगावा: कोणता अर्ज, किती जणांचे भरले, कोठे अडचण आली आणि ती कशी सोडवली. पगारी काम केलेले नाही हे एका वाक्यात सांगून लगेच या गोष्टींकडे वळा.

तेथील मुलाखत म्हणजे बहुतेक वेळा संगणकासमोर बसवून एक अर्ज भरायला लावणे होय. मालकाचे लक्ष तुमच्या वेगापेक्षा नजरेकडे असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव "ज्ञानोबा" आहे आणि आधार कार्डावर "ज्ञानोबाराव" आहे, किंवा एका कागदावर जन्मतारीख ६ जून आहे आणि दुसऱ्यावर ६ जुलै, असे आपल्याकडे सर्रास असते. हा फरक अर्ज पाठवण्यापूर्वी जो पकडतो आणि समोरच्याला नीट समजावून सांगतो, तो त्या कुटुंबाची तहसीलची एक फेरी वाचवतो. त्रुटी निघून अर्ज परत आला आणि तोवर प्रवेशाची मुदत संपली, तर त्या मुलाचे वर्ष पणाला लागते. मी हे जवळून पाहिले आहे, म्हणून चाचणीच्या वेळी घाई करू नका. कागद शेजारी शेजारी ठेवा, बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा आणि शंका आली तर मोठ्याने विचारा. मालकाला तेच पाहायचे असते.

बोलीची काळजी करण्याचे कारण नाही. केंद्रात येणारी बहुतेक माणसे खेड्यांतलीच असतात आणि त्यांच्यासारखे बोलणारा माणूस समोर असला की ती मोकळेपणाने विचारतात. आकडे, तारखा आणि कागदांची नावे तेवढी स्पष्ट उच्चारा. मुलाखतीत एखादा इंग्रजी प्रश्न आलाच, तर "मराठीत उत्तर दिले तर चालेल का?" असे शांतपणे विचारून मराठीत पूर्ण उत्तर द्या.

तुम्हीही त्यांना काही विचारावे असे मला वाटते. शासनाने ठरवलेल्या शुल्काचा फलक केंद्रात लावलेला आहे का, पावती दिली जाते का आणि गर्दीच्या दिवसांत किती वाजेपर्यंत थांबावे लागते, हे जाणून घ्या. जेथे फलक नाही आणि मनाला येईल ती रक्कम घेतली जाते, तेथे लोकांचा राग काउंटरवर बसलेल्या मुलावर निघतो. लोकांचे आधार कार्ड आणि ओटीपी तुमच्या हातून जाणार आहेत, म्हणून कोणाच्याही कागदाचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

उत्तर: वाणिज्य विषयाचे प्राध्यापक, नांदेड

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरी लिहितो. बहिणीचे वय १८ पूर्ण नसल्यामुळे कारखान्यात किंवा धोकादायक कामावर तिला कोणी ठेवू नये. कायद्याने १४ ते १८ या वयात धोकादायक कामांना बंदी आहे. लहान मुलांची शिकवणी किंवा ओळखीच्या दुकानातील हिशेबाचे काम तिला जमण्यासारखे आहे, मात्र बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षा मे महिन्यातही चालू असतात, त्यांच्या तारखा आधी पाहाव्यात. रोज लातूरला जायचे झाले तर एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, हेही लक्षात घ्यावे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेविषयी मला पुष्कळ मुले विचारतात. ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही, त्यामुळे पदवी पूर्ण झाल्यावर तिचा विचार कर. वर्षभरासाठी मात्र आपल्या महाविद्यालयात कमवा व शिका योजना आहे का, याची जूनमध्येच चौकशी कर. काम संपल्यावर मालकाकडून दुकानाच्या छापील कागदावर चार ओळींचे अनुभवपत्र मागायला विसरू नकोस.

उत्तर: कृषी सेवा केंद्रचालक, जालना जिल्हा

चुलत्यांच्या ट्रॅक्टरविषयी एक सुचवतो. पहिल्या पावसानंतर तो ट्रॅक्टर गावभर भाड्याने फिरेल आणि घरच्या माणसाची पाळी शेवटी येईल, असेच बहुधा घडते. तुमच्या चार एकरांची पाळी कधी, हे त्यांच्याकडून आताच पक्के करून घ्या. कृषी विभागाचा सल्लाही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये असाच असतो, त्यामुळे पहिल्या सरीबरोबर धावण्याची गरज नाही. मधे जे दोन-तीन दिवस मिळतात, त्याच दिवसांत दुकानात सर्वांत जास्त गर्दी असते. ते दिवस मी दुकानात असेन आणि त्यानंतर गरज पडली तरच एक दिवस शेतावर जाईन, असे मालकाला मुलाखतीतच सांगून ठेवा.